फिर से बोल

जब्बार गेल्याचा फोन आला तेव्हा मी बूट घालून ओट्यावर त्याचीच वाट पाहत होतो. रोज तोच मला उठवायचा, आज साहेबांना झोप लागली वाटतं, म्हणून मनातल्या मनात दोन शिव्याही हासडून झाल्या होत्या. फोनवर त्याची मुलगी शबाना होती. "काका, अब्बा गेले... नमाजले उठले अन् बसल्या जागीच..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. चालायच्या बुटांनिशीच मी त्याच्या घरी पोचलो, आणि दारात ते काढताना नाडीची गाठ काही केल्या सुटेना.

उमरखेडला जब्बारचं मोटार वाइंडिंगचं दुकान. माझ्या विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळायची आणि तिचं वाइंडिंग त्याच्याकडून भरून घेता घेता आमची दोस्ती झाली. पुढे मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला, मी म्हणालो बघू. झालं! दुसऱ्याच दिवशी हा दारात उभा. "अबे देवराव, ऊठ! शुगर तुले अन् चालू काय मी एकटाच?" मी दोन-चार दिवस टाळाटाळ केली, तेव्हा त्यानं बरोबर माझी दुखरी नस धरली. शबानाच्या निकाहात दोन शब्द उर्दूतून बोलायची माझी फार दिवसांची हौस. माझ्या मांडीवर खेळलेली पोर ती. जब्बार म्हणाला, "टाकीची टेकडी चढत जाऊ, चढता चढता शिकवतो. फुकट."

वाक्य त्यानंच करून दिलं. ख़ुदा इस घर की बेटी को ख़ुश रखे. एवढंच! पण त्यातला तो 'ख़' घशातून यावा लागतो म्हणे, आणि माझा टाळूलाच चिकटून बसलेला. अर्ध्या चढावर एक कडुनिंब आहे, तिथं आलं की हा थांबायचा. "बोल." मी बोलायचो. "नाही जमलं. फिर से बोल." तिथल्या दगडावर बसून, डोळे मिटून, एक हात छातीवर ठेवून हा ऐकायचा. मला वाटायचं, काय कान लावून ऐकतो उस्ताद! मी कावायचो, "माह्या घशात काय गोटा अडकला काय बे?" तो हसायचा आणि पुन्हा तेच, फिर से. मी गोठ्यात बैलांपुढे 'ख़' घोटला, न्हाणीत घोटला. बायको म्हणाली, "कफ झाला काय तुमाले?" काही महिन्यांत पोट उतरलं, शुगर आटोक्यात आली, पण कडुनिंबाखाली मी रोज नापासच. लाज वाटायची हो. या वयात एक अक्षर येऊ नये माणसाला?

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी गेलो होतो. पाहुणे पांगले तशी शबाना चहा घेऊन आली आणि जवळ बसली. निकाह आता रमजान ईदनंतर आहे म्हणाली. "काका, तुमी बोलानच ना?"

"माझी जीभ कुठं वळते बाई? तुझ्या बापानं शेवटपर्यंत पास केलं नाही मला."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, अब्बा तर कधीचे म्हनत होते घरी. देवरावची ज़बान एकदम साफ झाली म्हनून." मग तिला रडू आवरेना. हृदयाचा त्रास निघाला म्हणून डॉक्टरनं त्याला चढ बंद सांगितला होता. नागपूरला जाऊन तपासून घ्या, उशीर करू नका, असंही बजावलं होतं. आधी शबानाचं लग्न होऊ द्या, मग जाऊ, म्हणून यानं घरात सगळ्यांना कसम घातली. आणि मला तर मुळीच कळू द्यायचं नाही. "देवरावले समजलं तं तो चालनं सोडून देईन, असं म्हनत होते."

म्हणजे कडुनिंबाखाली मी शिकत होतो आणि हा दम खात होता! माझा 'ख़' कधीच आला होता आणि हा डोळे मिटून खोटं बोलत होता, रोज, माझ्या तोंडावर. अरे, माझ्या शुगरचा एवढा पुळका तुला, आणि स्वतःच्या काळजाचं काय? मला एका शब्दानं बोलला असतास तर गचांडी धरून नागपूरला नेला असता. दोस्त म्हणायचास ना? दोस्ताला असं फसवतात? लोक म्हणतात, जब्बारभाई मनाचे फार मोठे. असतील. मला मात्र अजून त्याचा राग येतो, आणि भांडायला तो जागेवर नाही.

बरेच दिवस टेकडीकडे फिरकलो नाही. शुगर पुन्हा वाढली, तेव्हा परवा गेलो. कडुनिंबाखाली पाय आपोआप थांबले. दगडावर निंबोळ्या पडल्या होत्या, त्या हातानं बाजूला सारल्या, पण बसलो नाही, ती जागा त्याची. समोर उभा राहून वाक्य म्हटलं. ख़ स्वच्छ आला, मलाच ऐकू आला. मग पुन्हा म्हटलं, या वेळी मुद्दाम चुकीचं, जीभ टाळूला चिकटवून, अगदी पहिल्या दिवशीसारखं... आणि दगडाकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिलो.