हो म्हणणारा पाटकरी

एलिसेओ मोन्द्रागोनच्या लग्नाची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला लबाड म्हणाल. लबाड तो नव्हता.

सान इसिद्रोच्या सणाला आमच्या रिंकोन गावात नाच असायचा. त्या वर्षी ह्या पठ्ठ्यानं एकाच नाचाचं वचन तीन मुलींना देऊन ठेवलं. फिडल वाजायला लागलं, तिघी उठून उभ्या राहिल्या आणि हा गायब! त्या तिघींतल्या रोसेन्दानं त्याला हुडकून काढलं. मेंढवाड्यात मेंढ्यांच्या मधोमध वाकून बसला होता.

"काय रे, इथं कुणाला शब्द दिलायस?" तिनं विचारलं.

"तूच ये ना नाचायला."

"आणि त्या दोघींना काय सांगू?"

"त्यांनाही हो म्हणून सांग."

ती हसून हसून खाली बसली आणि पुढं त्याच्याशीच लग्न केलं. दारात कुणी काही मागायला आलं की आतूनच ओरडायची, "त्याला विचारू नका, मला विचारा!" कारण एलिसेओच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवानं घातलाच नव्हता. समोरच्याचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे. त्याचं स्वतःचं तोंडच दुखल्यासारखं व्हायचं. सणाला चार घरचं आमंत्रण घ्यायचा आणि चारही घरी पोटभर लाल मिरचीतलं डुकराचं मटण खायचा. मग दोन दिवस अंथरुणात. अशा माणसावर कोण रागावणार? गावातली निम्मी पोरं बाप्तिस्म्याला त्याच्याच हातात दिलेली. ज्याच्या पोराचा तो धर्मपिता, त्या बापाचा तो कोम्पाद्रे, आणि पोराची आई त्याची कोमाद्रे. आमच्याकडे कोम्पाद्रे झाले की बालमित्रसुद्धा एकमेकांना अहो-जाहो करतात, आणि कोम्पाद्रेशी भांडण म्हणजे देवळात थुंकण्यासारखं. फिदेन्सिओ त्याचा कोम्पाद्रे, आबेलिनोही त्याचा कोम्पाद्रे. ही दोन नावं लक्षात असू द्या.

कोरियाची लढाई संपली त्या सुमाराला पाटकरी निवडायची वेळ आली. नदीवरनं येणारा पाट सगळ्या गावाचा, आणि कुणाची पाळी कधी ते पाटकरी ठरवणार. प्रत्येक नावाला कुणी ना कुणी नाक मुरडलं. एलिसेओचं नाव निघालं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. झाला पाटकरी. रोसेन्दा घरी एवढंच म्हणाली, "पाणी म्हणजे नाच नव्हे रे बाबा."

आमची रीत अशी. संध्याकाळी पाटकऱ्यानं दारात यायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "पहाटेचं पाणी तुमचं." कागद नाही, साक्षीदार नाही. उघड्या डोक्यानं दिलेला शब्द तो शब्द.

दोन वर्षं बरी गेली, पाऊसपाणी होतं. तिसऱ्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फच पडलं नाही. उन्हाळ्यात नदी इतकी बारीक झाली की शेळी कोरड्या पायानं ओलांडायची. त्यात एका संध्याकाळी फिदेन्सिओनं त्याला स्वतःच्या अंगणात गाठलं. "कोम्पाद्रे, मिरची माना टाकतेय. उद्या पहाटे नाही मिळालं तर गेलीच बघा." एलिसेओनं टोपी काढली. हो म्हणाला. तिथून निघाला, तर आबेलिनो आपल्या कुंपणाशी उभा. बायको आजारी, लसूणघास पिवळा पडलेला, गाईला घालायला काडी नाही. "कोम्पाद्रे, पहाटेचं द्या, बाकी काही मागत नाही." एलिसेओनं पुन्हा टोपी काढली.

घरी आल्यावर रोसेन्दानं त्याचा चेहरा बघूनच ओळखलं. "दोघांना?"

"पहाटे उठून एकाला सांगतो."

"कुणाला?"

तो टोपी खुंटीला अडकवून झोपायला गेला.

आणि तो उठला, बरं का. झोपून राहिला असता तर मी त्याला आळशी म्हणून सोडून दिलं असतं. उठला, पाणी अडवायची फळी असते त्या पाटाच्या दाराशी गेला. दोघं आधीच तिथं, हातात फावडी. एक म्हणत होता, कोम्पाद्रेनं मला शब्द दिलाय. दुसरा म्हणत होता, खोटारड्या, शब्द मला दिलाय. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा कोम्पाद्रेचं नाव घेऊन चोरी करतोय. एलिसेओ पॉप्लरच्या झाडामागं उभा होता. दहा पावलं पुढं यायचं होतं फक्त. पण पुढं आला की एकाला नाही म्हणावं लागणार. मला हे त्यानं स्वतः सांगितलं, रडत रडत. "मेलितोनकाका, मी म्हटलं, आपापसात मिटवतील. भली माणसं आहेत."

आबेलिनोचं फावडं फिरलं. फिदेन्सिओ पाटाच्या दगडावर डोक्यावर पडला, आणि फळी उघडीच असल्यामुळं त्याच्या अंगावरून पाणी वाहत राहिलं. त्या दिवशी कुणाच्याच शेतात ते गेलं नाही.

आबेलिनोनं गुन्हा कबूल केला. शहरातलं कोर्ट, सगळं इंग्रजीत. खटला चाललाच नाही, त्यामुळं एलिसेओला कुणी काही विचारलंच नाही. पण गावात खटला सुरू झाला तो कधी संपलाच नाही. पाणी कुणाचं होतं? फिदेन्सिओची विधवा लिब्रादा, तिनं एलिसेओला विचारलं, "कोम्पाद्रे, माझा माणूस चोर नव्हता ना? पाणी त्याचंच होतं?" तो म्हणाला, "हो, त्याचंच." आबेलिनोच्या म्हातारीनं विचारलं, "पाणी माझ्या लेकाचं होतं ना?" तिलाही म्हणाला, "हो आई, त्याचंच." त्यानंतर दोन्ही बाजूंचं बोलणं बंद झालं, आणि बोलणं बंद होतं म्हणून त्याचे दोन्ही 'हो' टिकले. देवळात हे डावीकडं बसायला लागले, ते उजवीकडं. लग्नं मोडली. वसंतात पाट उपसायला सगळं गाव एकत्र उतरतं, तेही दोन टोकांनी उपसायला लागले, आणि मधला तुकडा गाळानं भरला. परका येऊन विचारायचा, एवढं कशावरून? तर कुणी म्हणायचं पाण्यावरून, कुणी म्हणायचं जुनं वैर. जुनं वैर कुठलं! एका माणसाला एकाचा चेहरा पडलेला बघवला नाही, एवढंच.

मग फिदेन्सिओच्या शेताचं सुरू झालं. लिब्रादानं ते पडीक टाकलं होतं, पण अधूनमधून सकाळी त्यात पाणी उभं असायचं. पाळी दुसऱ्याची, फळी उचललेली, आणि सऱ्यांतून पाणी कसं, तर मिरचीला देतात तसं, एकेक सरी भरून. बायका छातीवर क्रुसाची खूण करून वाट बदलायच्या. म्हणायच्या, तो आपली पाळी घेतोय. मी असल्या गोष्टी हसण्यावारी नेणारा माणूस. एकदा उजाडता उजाडता घोडी शोधत पाटाकडं गेलो. धुकं होतं. दारापाशी एलिसेओ उभा, बोडका, टोपी छातीशी धरलेली. समोर कुणी नाही. आणि अगदी अदबीनं बोलत होता, "हो कोम्पाद्रे. तुमचंच. हो, हो, उद्याचंही तुमचंच." मग गप्प राहून ऐकल्यासारखं केलं आणि पुन्हा म्हणाला, "हो." खालच्या सऱ्यांतून पाणी चाललं होतं. फळी ह्यानंच उचलली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी पोचलो तेव्हा ती त्याच्यापासून लांब होती आणि त्याचे हात कोरडे होते. घोडी मी त्या दिवशी शोधली नाही.

त्यानंतरच त्यानं मला झाडामागचं सांगितलं. मी म्हटलं, "अरे, चारचौघांत सांगून टाक ना! दोघांनाही शब्द दिला होता म्हण. दोघंही चोर नाहीत. गाव सुटेल, तूही सुटशील."

"हो, सांगतो की," तो म्हणाला.

आबेलिनो तुरुंगातून परत आला तेव्हा केस पांढरे झाले होते. बायको, आई दोघी गेल्या होत्या. माणूस मारल्याची शिक्षा सरकारनं दिली होती, पण पाणी चोरल्याची गावानं द्यायची बाकी होती. तुम्हाला उलटं वाटेल, पण आमच्याकडं खुन्याच्या घरी जेवायला जातील, पाणीचोराला विस्तव देणार नाहीत. पाट उपसायच्या दिवशी देवळाच्या अंगणात बैठक बसली. आबेलिनोला पुन्हा पाळी द्यायची की त्याच्या शेताचं पाटावरचं दार कायमचं बंद करायचं? त्याच्या बाजूचे आता फार उरले नव्हते. कुणी मेले, कुणी शहरात गेले. अंगणात बहुतेक लिब्रादाचीच माणसं होती.

वाटेनं मी एलिसेओकडून वाक्य पाठ करून घेतलं होतं. 'मी दोघांना शब्द दिला होता.' एवढंच. शाळेतल्या पोरासारखं त्यानं म्हणून दाखवलं.

लिब्रादा आधी उठली. सूड वगैरे तिच्या डोळ्यांत नव्हता. "कोम्पाद्रे, सगळ्यांसमोर सांगा. पाणी माझ्या माणसाचं होतं?"

"हो, कोमाद्रे."

सगळीकडं माना हलल्या. मग आबेलिनो उठला. "आणि कोम्पाद्रे, त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या कुंपणाशी आला होतात. टोपी काढून मला शब्द दिला होतात. दिला होतात की नाही?"

एलिसेओनं त्याच्याकडं पाहिलं. मग अंगणाकडं. माझ्याकडंही पाहिलं, मी मान हलवून 'बोल' म्हणालो. सगळे चेहरे त्याच्याकडं लागलेले, आणि त्यांना काय ऐकायचंय ते आंधळ्यालाही कळलं असतं. एकटा आबेलिनो एकीकडं आणि सगळं गाव एकीकडं.

"नाही," एलिसेओ म्हणाला.

रोसेन्दाच्या हातातली अतोलेची, म्हणजे मक्याच्या पेजेची, किटली खाली पडली. जन्मभरात तिनं तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

मी उठलो. होतं नव्हतं ते सगळं सांगितलं, झाडसुद्धा सांगितलं. तेव्हा लिब्रादाच्या दिरानं एलिसेओला विचारलं, "मग मेलितोनकाका खोटं बोलतायत का?"

"छे छे, खोटं कसं बोलतील?" एलिसेओ घाईघाईनं म्हणाला. "त्यांचं वय झालंय. त्यांना तसं आठवत असेल."

हसले सगळे. हात वर झाले आणि ठरलं.

दार बंद करायचं काम पाटकऱ्याचं, आणि पाटकरी अजून एलिसेओच. दुपारी आम्ही तिघंच आबेलिनोच्या बांधावर गेलो. खिळ्यांची पिशवी माझ्याकडं होती. एलिसेओनं फळी लावली, पण हातोडी एकदा लाकडावर बसे, एकदा बोटावर. आबेलिनो पुढं आला, गुडघे टेकले आणि फळी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मारा आता. सरळ बसेल."

एलिसेओनं खिळा मारला. दुसरा मारला. पलीकडं पाट भरून चालला होता.

"कोम्पाद्रे," आबेलिनो फळी न सोडता म्हणाला, "आला होतात ना त्या संध्याकाळी?"

माझ्याशिवाय तिथं दुसरं कुणीच नव्हतं. एलिसेओच्या समोर आबेलिनोच्या एकट्याचाच चेहरा होता.

"हो," एलिसेओ म्हणाला, आणि तिसऱ्या खिळ्यासाठी माझ्यापुढं हात केला.