घर लाभलं का?

घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, तरी कामोठ्याचा फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर तसाच होता. तिथे राहायचा तो, माझा आधीचा नवरा. मी पनवेलला भावाकडे, हॉलमधल्या दिवाणावर. फ्लॅट विकायचा हे दोघांनाही मान्य होतं, भांडण होतं ते वाटणीचं. मी अर्धा हिस्सा मागत होते. तो वकिलासमोर दरवेळी एकच वाक्य बोलायचा, "हप्ते मी भरले. हिचं काय होतं यात?" माझा पगार किराण्यात, वीजबिलात आणि सासूबाईंच्या औषधांत गेला, आणि असल्या खर्चाच्या पावत्या कोण जपून ठेवतं? भांडून भांडून मी इतकी थकले होते की मिळेल ते घ्यावं आणि सुटावं, असं वाटायला लागलं होतं.

त्यात एजंटने वेगळंच काढलं. "मॅडम, घटस्फोटाचं बोलू नका. मोडलेल्या संसाराचं घर लोक घेत नाहीत, घेतलं तर भाव पाडून मागतात. रविवारी तुम्हीपण थांबा. जोडी दिसली पाहिजे."

म्हणून दर रविवारी मी माझ्याच जुन्या घरी बायको व्हायला जायचे. रिक्षात बसल्यावर मंगळसूत्र घालायचं, उतरताना पदर नीट करायचा. लग्नात मी त्याला कायम 'अरे' म्हणायचे, आता लोकांसमोर 'अहो' म्हणू लागले. चहा मीच करायचे. साखरेचा डबा त्याने कुठे हलवला असेल तो शोधताना जीव नुसता वैतागून जायचा. लोक यायचे, बाथरूम बघायचे, बिस्किटं खायचे आणि कळवतो म्हणून जायचे.

एका रविवारी जवळच्या ओवे गावच्या एक काकू आल्या. गावची जमीन सरकारी प्रकल्पात गेली होती, मोबदल्याचा पैसा आला होता. त्यांना लेकीसाठी घर हवं होतं. "पोरीचे नावावर घेयाचा हाय," त्या बसतानाच म्हणाल्या. सगळं घर त्यांनी सावकाश पाहिलं. मग चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "घर लाभला ना तुमाला?"

माझ्या आधी तोच बोलला. "लाभलं म्हणजे काय! सगळं हिच्यामुळे. हप्ते भरायला माझा पगार मोकळा राहिला तो हिने घर चालवलं म्हणून. ओटा हिने करून घेतला, खिडक्या हिने बदलून घेतल्या. हिच्याशिवाय हे घर उभंच राहिलं नसतं."

ज्या चार वाक्यांसाठी मी दोन वर्षं वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या, ती हा गडी बिस्किट मोडता मोडता बोलून गेला होता. वाईट हे की ऐकून मला बरं वाटलं. त्याचा राग आला, आणि माझा त्याहून जास्त.

काकू माझ्याकडे वळल्या. "तू सांग गो बाय. बाप्यांचा काय, ते बोलतातच."

"लाभलं," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा खुलला. उद्या टोकन देते म्हणाल्या आणि उठल्या. दार लागलं तशी मी ओट्यापाशी जाऊन कप विसळायला घेतले. तो मागे येऊन उभा राहिला.

"पटलं बघ त्यांना."

"आत्ता बोललास तेच वकिलासमोर बोल. मला अर्धं दे."

"ते गिऱ्हाइकासाठी होतं," तो म्हणाला. "खरं सांग, तुझं काय होतं यात?"

माझ्यात ओरडायचंही त्राण नव्हतं. मी नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि दार उघडून बाहेर गेले. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट पहिल्यापासूनच रडकी. काकू अजून तिची वाट बघत उभ्या होत्या.

"काकू," मी हाक मारली.

मागून तो अनवाणी धावत आला. "अर्धं," माझ्या कानाशी कुजबुजला. "अर्धं देतो. उद्या सकाळीच वकिलाकडे सही करतो. देवाशपथ."

काकूंनी वळून पाहिलं. "काय गो, काय रायला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला घाम फुटला होता.

"काही नाही," मी म्हणाले. "स्वयंपाकघरातली खिडकी पावसाळ्यात फुगते. मुलीला सांगा, जरा जोर लावावा लागतो."