भावनगरचं तिकीट

वालजीभाई हिंगू बोलता बोलता अडले की हातातली कातर रिकामीच दोन-तीनदा चालवायचे, मग शब्द सुटायचा. त्यांच्या शिलाईच्या दुकानाला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मधे नुसत्या फळ्या. सव्वीस वर्षं त्यांचं बोलणं आणि अडणं मी ऐकत आलो.

आमच्या गावचा हरसुख शाळेत मास्तर होता. पुढे तो डायऱ्यांतून, म्हणजे रात्रीच्या गाण्या-गोष्टींच्या मैफलींतून, विनोदी किस्से सांगायला लागला. त्याची पहिली कॅसेट निघाली तेव्हा गावाची कॉलर ताठ झाली. मी त्याच दिवशी आणून दुकानात लावली. वालजीभाईही काजं करायचा सदरा घेऊन ऐकायला येऊन बसले.

आधी शेजारच्या गावातल्या मोतीबिंदू झालेल्या न्हाव्याचा किस्सा होता. तो गिऱ्हाइकाच्या गालाऐवजी उशीला साबण फासतो. वालजीभाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मग दुसरा. एक शिंपी तिकिटाच्या खिडकीशी उभा. भ... भ... भ... आतला बाबू विचारतो, भाणवड? भचाऊ? रांगेतला कुणी म्हणतो भरूच. अखेर 'भावनगर' बाहेर पडतं, तोवर गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडतो. बाबू म्हणतो, काका, उद्याच्या गाडीसाठी आत्ताच सुरुवात करा.

मी पोट धरून हसलो. हसू आवरून पाहिलं तर वालजीभाई उठून गेले होते. वाटलं, रागावले असतील, होतील शांत.

कॅसेट काठियावाडभर गेली. एस.टी.तून उतरलेली माणसं दुकानासमोर थांबायची आणि 'काका, कुठलं तिकीट काढू?' म्हणून विचारायची. वालजीभाई मान खाली घालून मशीन चालवायचे. पुढे पुढे ते गिऱ्हाइकालाही काय ते कागदावर लिहून दाखवायला लागले.

एका दुपारी ते दोरे आणायला गेले असताना त्यांची बायको, रंभाबेन, माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"वजुभाई, ती कॅसेट तुम्ही तरी लावू नका."

मी समजूत घातली. हरसुखच्या मनात काही वाईट नाही, म्हटलं, गंमत आहे झालं.

"गाडी कोणत्या दिवशी चुकली, ते सांगितलंय का त्यानं?"

मग तिनंच सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी कांता भावनगरला बाळंतपणाला होती, रंभाबेन तिच्यापाशी होती. रक्त थांबत नाही, ताबडतोब निघा, असा जावयाचा निरोप आला तो गाडी चुकली त्याच सकाळी. पुढची गाडी दुपारची. वालजीभाई पोहोचले तेव्हा चार वाजले होते. कांता एक वाजताच गेली होती. शेवटपर्यंत विचारत होती, बापूजी आले का?

खिडकीवरची गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती. कांताच्या बेसण्याला, दुखवट्याच्या बैठकीला, आम्ही सगळे जाऊन बसलो होतो. तुम्हाला उशीर का झाला, हे एकानंही विचारलं नव्हतं.

मी दुकान बंद करून हरसुखच्या घरी गेलो. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. त्या दिवशी तो रांगेत तिसरा होता. भरूच असं ओरडणारा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याबरोबर वालजीभाईंच्या दारात आला.

"काका, मला ठाऊक नव्हतं हो. असतं तर..."

वालजीभाईंनी मशीन थांबवलं. बराच वेळ शब्द निघेना. आम्ही दोघांनीही सुचवला नाही.

"त्या न्हाव्याला मी हसलो होतो, हरसुख," ते म्हणाले. "त्याच्या घ... घरी काय झालं असेल, ते तुला तरी ठाऊक आहे का?"

 

हरसुखनं तिकिटाचा किस्सा पुन्हा स्टेजवर सांगितला नाही. पण कॅसेट ट्रकमध्ये होती, पानाच्या गादीवर होती, लग्नाच्या मांडवात होती. ती कुठून कुठून परत आणणार?

दोन वर्षांनी वालजीभाईंनी दुकान विकलं आणि सुरतेला मेव्हण्याकडे गेले. जाताना मला भेटले, खांद्यावर हात ठेवला आणि टांग्यात बसले. सुरतेत तरी काय, निम्मं काठियावाड तिथंच.

तीन महिन्यांनी रंभाबेनचं पत्र आलं, शेजारणीकडून लिहवून घेतलेलं. घर लहान आहे, पाणी दोन वेळा येतं. कपड्यांच्या कारखान्यात काम मिळालंय. 'तिथं त्यांनी आपण मुके आहोत असं सांगितलंय. कुणी बोलायला लावत नाही. सुखी आहेत म्हणायचं.'