टँकरवरचा कौल

टँकरखालच्या ओल्या मातीचा वास आला की आजबी माजी मान खाली जाती. त्या दुष्काळात आमचा मामा गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभा व्हता, अन् गावाला पानी त्याच्याच टँकरचं. मी शाना, टँकरवर बसून घागरी भरता भरता एकेकाला इचारायचो, "मत कुनाला?" समदे म्हनायचे, "मामालाच की!" म्या सांगितलं, "मामा, निवांत झोपा, दारोदार फिरू नगा." मामा ऐकून घरी बसला अन् लई वाईट पडला. दुसऱ्या दिशी टँकरपाशी मी एका म्हाताऱ्याला खोटारडा म्हनलो. तो म्हनला, "पाइप तुज्या हातात व्हता बे. दुसरं नाव घेऊन रिकामी घागर नेऊ का?" मामा मागंच उभा व्हता. त्यानं माज्या हातनं पाइप घेतला अन् म्हाताऱ्याची घागर भरली. माज्याकडं बघितलंबी न्हाई. आता कुनी गावचा अंदाज इचारला की मी सांगतो, माजी बायकू कुनाला मत देती तेबी मला ठावं न्हाई.