हलका चाप
घामाने आंबलेल्या चामड्याचा वास आला की मला आमच्या शहरातल्या क्वीन्सटाउन भागातली तिरंदाजीची ती रेंज आठवते. तिथून जवळच्या जुरोंग आयलंडवर, कारखान्यांच्या बेटावर, नोकरी करणारे माझे एक स्नेही ऑस्ट्रेलियात रानडुकराच्या शिकारीला निघाले होते, आणि धनुष्याची दोरी सोडणारा रिलीज कुठला न्यावा, हे त्यांनी मला विचारलं. मनगटाला चामडी पट्ट्याने बांधायचा माझाच रिलीज मी त्यांना दिला, वर त्याचा चाप, म्हणजे बोटाने दाबायचा खटकाही अगदी हलका करून दिला. "अहो, तिकडे आत्ता थंडी आहे, बोटं बधिर होतील. चाप जडच असू दे," ते म्हणाले. "हलक्या चापाने नेम हलत नाही," मी ठासून सांगितलं. दोन आठवड्यांनी ते रेंजवर आले ते धनुष्याशिवाय. नेम धरण्याआधीच थंडीने बधिर झालेलं त्यांचं बोट चापाला लागून बाण सुटला होता आणि एका डुकरिणीच्या पोटात घुसला होता. "दुपारभर झाडीतून तिचं ओरडणं ऐकू येत होतं, पण ती काही सापडली नाही," एवढं बोलून त्यांनी रिलीज माझ्या हातात ठेवला. मला त्यांनी दोष दिला नाही, पण पुन्हा ते कधी रेंजवर आले नाहीत. आता कुणी नवखा रिलीजबद्दल विचारायला आला, की मी त्याला आधी विचारतो, समोर निशाणाचा कागद असणार आहे की जीव.