घाटंजीतली एकमेव धूरमुक्त जागा

मामाच्या वैष्णवीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घाटंजीला ठरलं आणि आईने जाहीर केलं, "मी जाईनच." आमच्याकडे नवरीला पाटावर बसवायचा मान आत्याचा. पण यवतमाळच्या डॉक्टरांनी तिला धुरापासून लांब राहायला बजावलं होतं. तपासताना त्यांनी विचारलंही, "किती वर्षं बिडी ओढता?" आईने जन्मात बिडीला हात लावलेला नाही. ती फक्त पस्तीस वर्षं बाबांच्या शेजारी बसते. बाबा तेव्हा दवाखान्याच्या फाटकाबाहेर होते. कशाला, ते सांगायला नकोच.

तुम्हालाही जायचं असेल तर यवतमाळच्या बसस्थानकावर सकाळीच पोचा. बायकांना अर्धं तिकीट, तास-सव्वा तासाचा रस्ता, दोन्हीकडे कापसाची पऱ्हाटी आणि तूर. बाहेर तर्री-पोहे झकास मिळतात. 'धूम्रपान निषिद्ध' हा बोर्डही आवर्जून बघा. त्याच्याच खांबाला पानठेलेवाल्याने जळता सुंभ बांधलाय, गिऱ्हाइकांना बिडी पेटवायला. सरकारी बोर्डाचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही.

बसच्या दारात एक काका बिडी ओढत उभे होते. मी बसमधला तसलाच बोर्ड दाखवून कंडक्टरकडे तक्रार केली.

"ताई, बोर्ड अंदरच्यायसाठी हाये. थे तर दारात उभे हायेत."

धुराला हा नियम ठाऊक नसावा. तो सरळ आईच्या बाकावर आला. तिने पदर नाकाला लावला आणि मलाच दटावलं, "जाऊ दे, कायले भांडून राह्यली?" बाबा खिडकीबाहेरची तूर बघत होते. इतका रस घेऊन तूर बघणारा माणूस विरळा.

मामाकडे मांडवात पाहुण्यांसमोर ताट फिरत होतं: पान, सुपारी, बिडीचं बंडल, आगपेटी. मी मामाला म्हटलं, निदान बंडल तरी उचला, आईला त्रास होतो.

"पाव्हण्यायच्या समोरचं ताट कसं उचलू बाई? नाराज होतीन ना थे!"

पाहुणे खूश राहिले. आईला मात्र दहा मिनिटांत खोकल्याची उबळ आली. डॉक्टरांनी दिलेला पंप दोनदा घेतला तरी तोंडातून शब्द फुटेना. मी घाबरले. तिला धरून घरामागे नेलं आणि कापसाच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर बसवलं. भाव वाढेल म्हणून मामाने यंदाचा सगळा कापूस आत साठवलाय.

तेवढ्यात बाबा आणि नवऱ्या मुलाचे काका गप्पा मारत तिकडेच आले. दोघांच्या हातात पेटती बिडी. मामा मांडवातून धावत आला.

"ओ पाव्हणं! बिडी विझवा पयले! अंदर कापूस हाये!"

काकांनी बिडी चपलेखाली रगडली, वर दिलगिरीही व्यक्त केली. बाबांनीही विझवली. बोर्ड नाही, कंडक्टर नाही, कोणी नाराजसुद्धा झालं नाही. समोर माझी आई धापा टाकत बसली होती. तिच्याजवळ कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही, कारण ती पेट घेत नाही. मला रडूच आलं.

मग वैष्णवी शालूसकट पाट उचलून तिथे आली. "आत्या, इथंच बसव मले." नाइलाजाने सगळे पाहुणे मागे आले, आणि अख्खं साक्षगंध बिनाधुराचं पार पडलं. आईने तिला कुंकू लावलं.

संध्याकाळी यवतमाळला परतलो. हिशेब मांडायचा तर फोटो बरे आलेत, लाडूंचा डबा भरलेला आहे, आणि मामाला मी अजून पोचल्याचा फोन केलेला नाही. बाबा नेहमीच्या खुर्चीत बसले. सवयीने आगपेटी काढली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, तिथं तर लगेच विझवली."

"तिथं कापूस होता ना."

"कापूस जळला त पुढच्या साली पुन्हा येते," आई म्हणाली. "मी येईन का?"

आगपेटी हातात धरून बाबा तसेच बसून राहिले.