ठोकळा वाट बघत नाय

शेलूच्या बुद्धविहारातील महिला गायन मंडळात भाग्यश्री गाते आणि तिची धाकटी जाऊ रूपा ढोलकीची साथ करते. वैशाख पौर्णिमेचा कार्यक्रम तोंडावर आला असताना रूपाला एका वेगळ्याच ठिकाणी आपल्या हाताविषयी शंका आली. मुलीच्या मोबाइलवरील एका खेळात ती सारखी हरत होती. खेळात संगीताबरोबर एक ठोकळा वेगाने धावतो. ठेक्यावर बोट टेकवले की तो उडी मारतो. किंचित उशीर झाला की काट्यावर आदळतो आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते.

“आये, ठोकळा वाट बघत नाय गं! चा प्यायला बसलीस का मधीच?” तिची मुलगी ऋतिका हसली.

“माझा हात चुकत नाय. तुझा मोबाइलच बिघडलाय.”

“मग माझा कसा पार जातो?”

हात मंदावला असेल तर ढोलकी दुसरीच्या हाती देणे प्रामाणिकपणाचे ठरले असते. म्हणून रूपाने खरे कारण शोधायचे ठरवले. ती झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाईक नसले की ती डोळे मिटून खेळातले केवळ संगीत ऐकत बसे. काटा दिसल्यावर बोट हलवणे म्हणजे उशीर करणे, हे तिला उमगले. उडी कानाने घ्यायला हवी होती. अवघड तुकडा वेगळा काढून तिने तो घोटला. ठोकळा पुढे जाऊ लागला, तरी एक चूक उरलीच. सुरावट संपत आली की बोट रेंगाळे, जणू कोणाचे तरी म्हणणे पुरे व्हायचे होते.

कोणाचे?

साथ करणाऱ्याने गाणाऱ्याला सांभाळून घ्यावे, असे सासऱ्यांनी तिला ढोलकीबरोबरच शिकवले होते. ओळीच्या शेवटी ठेका अंमळ सैल सोडायचा, गळा सावरू द्यायचा. यंत्राला सावरण्याची गरज नव्हती. रूपाने ती सवय निग्रहाने मोडली, आणि ठोकळा अखेरपर्यंत पोहोचला.

त्याच आठवड्यात तालमीला भाग्यश्री दुसऱ्या कडव्यात अडखळली. पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा तिथेच श्वास तुटला.

“रूपे, पळतेस कुटं? गाडी सुटते का तुझी?”

“पळत नाय, ताई. ठेका तोच हाय. आधी मी थांबत होते.”

“माझ्यासाठी?”

रूपाने होकारार्थी मान हलवली. मागच्या आजारपणानंतर भाग्यश्रीचा दम कमी झाला होता, आणि ढोलकीने ते इतक्या मायेने झाकले होते की खुद्द भाग्यश्रीलाही त्याचा पत्ता नव्हता. सांभाळून घेताना आपण एखाद्याचे सत्य त्याच्यापासूनच हिरावतो काय, हा प्रश्न त्या क्षणी दोघींच्या मध्ये उभा होता.

“परत थांबू का?” रूपाने हळूच विचारले.

भाग्यश्रीने पदर खोचला. “नको. तू वाजव. माझा दम कुटं संपतो, ते मला बघू दे.”

पौर्णिमेला ती प्रत्येक ओळ दम पुरेल तिथवर गायली आणि उरलेली मागच्या बायांनी उचलली. ठेका कुठेही सैल झाला नाही.

“चाल नवी बसवलीस का गं?” पुढे बसलेल्या सोनुबाईंनी विचारले.

“चाल तीच हाय, मावशे,” भाग्यश्री माइकवरूनच म्हणाली, “माझा दम कमी झालाय.” आणि तिने पुढचे कडवे घेतले.